न उघडणाऱ्या फाइलीबद्दल चिऊला

चि. चिऊस,


तुझा निरोप पहाटे चहा घेताना वाचला. भीमपलासची ती द्रुत बंदिश तू दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चौघांसाठी बांधलीस, ती फाइल आता उघडत नाही, नोटेशन लिहायचं तुझं ते सॉफ्टवेअर, म्यूझस्कोअर, ‘फाइल खराब झाली आहे’ एवढंच सांगतं, आणि मंडळाचा गणपती तर पुढच्याच शनिवारी (इथे अमेरिकेत बाप्पासुद्धा शनिवार-रविवार बघूनच येतो, त्याला कोण काय करणार). फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू ऐकता ऐकता बटणं दाबत असतेस, म्हणून सविस्तर लिहितो आहे. हे आधी शेवटपर्यंत वाच आणि मगच लॅपटॉप उघड. तू मन लावून काम करणारी मुलगी आहेस, त्याबद्दल मला कधी शंका आली नाही. मला काळजी वाटते ती फक्त तुझ्या तर्जनीची, डोक्याच्या आधी तीच पोचते म्हणून.

तर पहिली गोष्ट अशी, की ती फाइल ज्या पेन ड्राइव्हवर आहे त्यावर आता काहीही नवं ठेवायचं नाही. फाइल पुन्हा पुन्हा उघडून बघायची नाही, आणि चुकून अर्धवट उघडलीच तर ‘सेव्ह’ तर मुळीच करायचं नाही, कारण बिघडलेल्या फाइलीत जे शिल्लक असतं ते त्या एका सेव्हने पुसलं जाऊ शकतं. मूळ फाइलची लॅपटॉपवर एक प्रत कर, त्या प्रतीची आणखी एक प्रत कर, आणि जे काय खटाटोप करायचे ते त्या शेवटच्या प्रतीवर कर. मूळ फाइल जशी आहे तशी राहू दे.

हे माझं म्हाताऱ्याचं सोवळं नाही बरं का. तुला ‘रेंट’ हे संगीत-नाटक आवडतं ना, ते लिहिणारा आणि स्वरबद्ध करणारा जोनाथन लार्सन 25 जानेवारी 1996 च्या पहाटे गेला, पहिला प्रयोग व्हायचा त्याच दिवशी, अवघ्या 35 व्या वर्षी. त्याची कागदपत्रं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेली आणि त्यांच्यासोबत सुमारे 180 फ्लॉपी डिस्कही. डग रीसाइड नावाच्या अभ्यासकानं त्या फ्लॉप्यांवर काम केलं, पण काम सुरू केलं ते त्यांच्या जशाच्या तशा प्रती काढून. मग जुन्या मॅकचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्यानं लार्सनच्या वर्डच्या फाइली उघडल्या, आणि त्याच फाइली साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही उघडून पाहिल्या, तर दोन्हीकडे मजकूर वेगवेगळा! त्या काळच्या वर्डमध्ये ‘फास्ट सेव्ह’ नावाची सोय होती. वेळ वाचावा म्हणून ती पूर्ण फाइल नव्यानं न लिहिता फक्त केलेले बदल मागे जोडत जायची, त्यामुळे लार्सननं बदलून टाकलेल्या गाण्याच्या ओळीही फाइलच्या पोटात तशाच राहिल्या होत्या. कुणी उत्साहानं त्या फाइली उघडून नव्या वर्डमध्ये सेव्ह केल्या असत्या, तर त्या ओळी कायमच्या गेल्या असत्या. (बघ, घाईचं कौतुक करायची वेळ माझ्यावर आली ती एका यंत्रामुळे.)

आता तुझ्या फाइलीकडे येऊ. म्यूझस्कोअर तुझ्या स्कोअरच्या शेजारी एक लपलेलं फोल्डर ठेवतं, त्याचं नाव टिंबानं सुरू होतं, पुढे एमएससीबॅकअप. ते मॅकवर एरवी दिसत नाही. कमांड, शिफ्ट आणि टिंब ही तीन बटणं एकदम दाबलीस की दिसेल. त्यात तुझ्या फाइलची आधीच्या सेव्हची प्रत असते, नावाच्या शेवटी एक नागमोडी रेघ लावलेली. तिची प्रत काढ, ती रेघ खोड आणि उघड. त्या आधीच्या सेव्हनंतरचं जेवढं काम असेल तेवढंच जाईल. फाइल कधी गूगल ड्राइव्हवर ठेवली असशील तर तिथेही जुन्या आवृत्त्या 30 दिवस राहतात, त्या बघ. मला वाटतं तुझं काम इथेच भागेल. तरी पुढचं लिहितोच, कारण तुला आतलं यंत्र बघायला आवडतं हे मला ठाऊक आहे.

तू लिहिलं आहेस की बाबा खाली हॉर्न वाजवत होते म्हणून इजेक्ट न करता पेन ड्राइव्ह उपसून घेतलास. बहुधा बिघाड तिथेच झाला. स्क्रीनवर सेव्ह झालेलं दिसलं तरी संगणक बराचसा मजकूर काही क्षण स्वतःच्या मेमरीतच धरून असतो आणि सवडीनं ड्राइव्हवर उतरवतो. इजेक्ट म्हणजे त्याला ‘हातातलं लिहून टाक, मग मी नेते’ असं सांगणं. तुझी म्यूझस्कोअरची फाइल, म्हणजे एमएससीझेड, ही खरं तर झिप फाइल आहे. विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीच्या फिल कॅट्झनं 1989 मध्ये ही झिपची पद्धत आणली, आणि आजही कुठल्याही झिप फाइलची पहिली दोन अक्षरं पी आणि के असतात, म्हणजे त्याच्या नावाची. झिपची गंमत अशी की आत काय काय आहे त्याची यादी ती सगळ्यात शेवटी लिहिते. आपण भारतात जाताना तुझी आजी बॅग भरते आणि सगळं भरून झालं की सामानाची यादी वर ठेवते, तसं. तू ड्राइव्ह मध्येच उपसलास तर पहिली जाते ती यादी, आणि यादी नाही म्हटल्यावर म्यूझस्कोअर बॅगच उघडायला नकार देतं. सामान मात्र आत असतं, कारण प्रत्येक वस्तूवर तिचं नाव वेगळंही लिहिलेलं असतं. तुझ्या मॅकच्या टर्मिनलमध्ये झिपची आज्ञा आहे, तिला मोठा एफ दोनदा जोडलास की ती यादीच्या भरवशावर न राहता फाइल पहिल्या अक्षरापासून चाळते आणि जे सापडेल ते नव्या फाइलमध्ये भरते. नव्या, हं, जुनीला ती हात लावत नाही.

त्या नव्या झिपमध्ये तुला काही फाइली दिसतील: पानाच्या मांडणीची, एक छोटं चित्र, आवाजाच्या सेटिंग्जची, आणि एमएससीएक्स नावाची. तुझी बंदिश त्या एमएससीएक्समध्ये आहे. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघड आणि शांतपणे बघ, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. प्रत्येक स्वरासाठी ‘पिच’ म्हणून एक आकडा आहे. 60 म्हणजे आपल्या पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी एक. त्याखाली ‘टीपीसी’ म्हणून दुसरा आकडा आहे, आणि तो मला फार आवडतो. पांढरी एक 14, तिचा पंचम 15, त्या पंचमाचा पंचम 16. म्हणजे एक एक आकडा वाढतो तो षड्ज-पंचम भावानं. तुझ्या भीमपलासचा सा पांढरी एक धरला तर कोमल ग 63 वर येतो आणि त्याचा टीपीसी 11 असतो. पेटीवर तीच पट्टी, पण पाश्चात्त्य पद्धतीनं तो स्वर ‘डी शार्प’ म्हणून लिहिला असता तर 23 आला असता. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत बंदिशी उतरवल्या, तेव्हा कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि मंद्र स्वराखाली टिंब दिलं. छपाईत ते टिंब गळलं तर स्वर एक सप्तक वर जातो, इतकं सगळं एका टिंबावर असतं. तुझ्या फाइलमध्येही एखादा आकडा इकडचा तिकडे होऊ शकतो, म्हणून परत मिळालेली फाइल उघडली की लगेच आनंदानं उड्या मारू नकोस, हातात व्हायोलिन घेऊन एकदा वाजवून बघ.

फाइल मध्येच तुटली असेल तर कुठे तुटली ते बघ. म्यूझस्कोअर आधी पहिल्या व्हायोलिनचे सगळे बार लिहितं, मग दुसऱ्याचे, मग व्हायोलाचे, आणि चेलो शेवटी. म्हणून गेला असेल तर बहुतेक बिचारा चेलो गेला असेल, वरचे तिघे सुखरूप असतील. तुटलेल्या जागेपर्यंतचा शेवटचा पूर्ण बार ठेव, उरलेलं अर्धवट खोड, आणि जे टॅग (टोकदार कंसांतल्या त्या खुणा) उघडे राहिले आहेत ते आतून बाहेर एकेक करून बंद कर. हे काम पहाटेचंच आहे, चिऊ. रात्री साडेअकराला एक टॅग विसरतो, मग दुसरा, मग माणूस लॅपटॉपला शिव्या देतो. आणि चेलोचा भाग चेलो वाजवणाऱ्या तुझ्या मित्राकडे कागदावर छापलेला असेल ना, तालमीला वाटला होतास तो? त्याच्याकडून फोटो मागव आणि हातानं भर. छापील पान वाचून नोटेशन बनवणारे ऑडिव्हेरिससारखे प्रोग्रॅम आहेत, पण एका चेलोसाठी त्यांच्या चुका सुधारण्यात जाईल त्या वेळात तू ते लिहून मोकळी होशील.

एडिटरमध्ये नुसती शून्यं दिसली, म्हणजे फाइलचा आकार बरोबर आणि आत काहीच नाही, तर तिथे थांब. अशा फाइलमधून कुणीही काही काढू शकत नाही, मग कुणी पैसे घेऊन काढून देतो म्हणालं तरी देऊ नकोस. आणि उलट, म्यूझस्कोअर फाइल उघडायला तयार असेल आणि अमुक बारमध्ये चारऐवजी साडेतीन मात्रा सापडल्या एवढीच तक्रार करत असेल, तर ते सोपं. तो बार निवडून पूर्ण काढून टाक, तिथे नवा रिकामा बार घाल आणि चौघांचंही पुन्हा लिही.

आता काटकसरीबद्दल थोडं, कारण त्याशिवाय माझं पत्र पुरं होत नाही असं तुझी आजी म्हणते. आमच्या पिढीनं दोऱ्याचे तुकडे आणि पाठकोरे कागद जपून ठेवले, तू फाइली जप. दिवसाचं काम संपलं की तारीख घालून वेगळी प्रत ठेव, आठवड्यातून एकदा म्युझिकएक्सएमएल आणि पीडीएफ काढून दुसऱ्या ठिकाणी ठेव; जागा लागते ती नगण्य. म्युझिकएक्सएमएल हे नोटेशनच्या फाइलीचं रूप तुमच्याच कॅलिफोर्नियाच्या मायकल गुडनं बनवलं, पहिली आवृत्ती 2004 मध्ये आली, आणि ते कुठल्याही एका कंपनीच्या प्रोग्रॅमचं मिंधं नाही. पानाची मांडणी त्यात थोडी इकडेतिकडे होते, पण स्वर आणि लय शाबूत राहतात. ही नुसती सावधगिरी नाही. फिनाले हे नोटेशनचं सॉफ्टवेअर 1988 पासून इथल्या कितीतरी बँडमास्तरांचं आणि अरेंजरांचं रोजचं अवजार होतं, आणि ऑगस्ट 2024 मध्ये त्याच्या कंपनीनं जाहीर केलं की यापुढे त्यात काही सुधारणा होणार नाही. त्या फाइली धडधाकट असूनही आता उघडणारं यंत्र म्हातारं होत चाललंय. ज्यांनी वेळेत म्युझिकएक्सएमएल काढून ठेवलं त्यांचं संगीत दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये निवांत वाजतं.

बंदिश मिळेल, मला खात्री आहे, आणि अगदी नाहीच मिळाली तरी ती तुझ्याच डोक्यातून आली होती, दुसऱ्यांदा लिहिताना दुसऱ्या व्हायोलिनची ती गर्दी आपोआप कमी होईल (तालमीचं रेकॉर्डिंग ऐकून मला तेवढं एक खटकलं होतं, आजीला नाही). तर आज रात्री पेन ड्राइव्हला हात लावू नकोस आणि वेळेवर झोप. उद्या सहाला ऊठ, दोन प्रती कर, आधी ते लपलेलं फोल्डर बघ, आणि अडलीस तर मला फोन कर. तेव्हा माझ्याकडे नऊ वाजलेले असतात, मी मोकळाच असतो.

तुझे,
आजोबा