गुडघे दुखतात, वारी कशी घडावी?



आषाढी जवळ आली की फडावरची वयस्क मंडळी आम्हांस हळूच विचारतात, "बुवा, गुडघे साथ देईनात. आता वारी चुकणार का?" प्रश्न गुडघ्याचा दिसतो, पण आत भय निराळेच असते. पांडुरंगाने आपल्याला टाकले की काय, हे ते भय! म्हणून प्रथम हेच सांगतो: सांधा झिजणे हे पाप नव्हे, देवाचा कोपही नव्हे. आयुर्वेद त्यास संधिगत वात म्हणतो. देहाचा तो धर्मच आहे.

मग खाटेवर पडून राहावे काय? मुळीच नाही. मांडीचे स्नायू हे गुडघ्याचे विणेकरी. ते थकले की सारी दिंडी विस्कटते. उताणे निजून एक पाय दुमडावा, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलावा. पाच वेळा सावकाश 'विठ्ठल' म्हणेपर्यंत धरावा, मग खाली ठेवावा. असे 10 वेळा, दोन्ही पायांनी, रोज. गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून चैत्रातच आरंभ करावा आणि चालणे थोडे थोडे वाढवावे.

देह स्थूल असेल तर वजन उतरवावे. एक किलो उतरले, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी हलका होतो. पण आमची एकादशी म्हणजे दुप्पट खाशी! तसे करू नये.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. सांधा आखडला तर शेक द्यावा, सुजला तर गार पट्टी ठेवावी. उकिडवे बसणे टाळावे. कीर्तनाला खुशाल खुर्चीवर बसावे. देव आसन पाहत नाही, भाव पाहतो. मात्र गुडघा एकाएकी लाल होऊन तापला, अंगात ताप भरला, किंवा पाय टेकवेनासा झाला, तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

तरण्या मंडळींनो, पुंडलिकाने आईबापांच्या सेवेसाठी देवाला विटेवर थांबविले. तुम्ही घरच्या म्हाताऱ्यांसाठी न्हाणीघरात धरायला दांडी तरी बसवा!

आळंदीहून पंढरी सुमारे 250 किलोमीटर. सारी वाट चालवत नसेल, तर वाहनाने वाखरीस यावे आणि तेथून झेपेल तितके चालावे. तेही न जमले, तर अंगणातल्या तुळशीभोवती काठी टेकीत फिरावे. तो विटेवर उभाच आहे; त्याला घाई नाही.

रामकृष्णहरि!