सूर धरून ठेवणारे

अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर २००९ साली ‘द सिंग-ऑफ’ ही समूहगायनाची स्पर्धा सुरू झाली. अट एकच, वाद्य वापरायचं नाही. ठेका तोंडानं, खर्ज गळ्यातून. २०११च्या पर्वात टेक्सासमधल्या आर्लिंग्टनचा ‘पेंटाटॉनिक्स’ हा पाच जणांचा चमू जिंकला. टाळ्या अर्थातच पुढं गाणाऱ्याला जास्त मिळतात. माझं मन मात्र गुंतलं ते खर्ज सांभाळणाऱ्या अवी कॅप्लानमध्ये आणि तोंडानं ताल धरणाऱ्या केविन ओलुसोलामध्ये. आपल्या गवयामागे निदान तानपुरा असतो. इथं तोही नाही. सूर सोबत्यांच्या गळ्यातच शोधायचा. एखादा किंचित उतरला, की बाकीचेही नकळत त्याच्याबरोबर खाली येतात, आणि शेवटी सगळं गाणंच मूळ पट्टीखाली जातं. म्हणून इथं गाण्याइतकंच ऐकणंही लागतं, गाता गाता, प्रत्येक क्षणी. स्पर्धेच्या झगमगाटात ही मेहनत दिसत नाही, याची मला खरंच खंत वाटते. आज सवड झाली तर पेंटाटॉनिक्सचं एखादं गाणं लावा, आणि एकदा तरी फक्त खर्जाच्या आवाजामागे कान न्या.