शाळा ही कोणाची अमानत?

खेड्यातल्या शाळेचा कारभार कोणी पाहावा, हा प्रश्न कायद्याने केव्हाच सोडवला आहे. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. महाराष्ट्रात समितीचा अध्यक्ष पालकांतून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतो. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे. म्हणजे मजूर बाप अध्यक्ष आणि पदवीधर मुख्याध्यापक त्याचा चिटणीस! एवढी मोठी उलथापालथ झाली, तरी वैजापूरसारख्या तालुक्यात ती फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. कारण कागदावर उलटले ते प्रत्यक्षात जागचे हलले नाही.

असे का झाले? सभा दुपारी शाळेच्या वेळेत भरते. कापूस वेचणीच्या दिवसांत सभेला येणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवणे. उर्दू शाळेत आणखी एक अडचण असते. घरात बोली दखनी, मुलांची पुस्तके उर्दूत आणि पंचायत समितीकडे जाणारे इतिवृत्त मराठीत. ज्या आईला यातली एकही लिपी वाचता येत नाही, तिच्या अंगठ्याच्या वर ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते. तिने नेमके काय मंजूर केले, हे तिला कोणी सांगितलेले असतेच असे नाही. कायद्याची अट पूर्ण होते, पण मशवरा झालेला नसतो.

मुख्याध्यापकांची बाजूही ऐकली पाहिजे. पोषण आहाराचा हिशेब त्यांनीच द्यायचा. माहिती भरायला उशीर झाला तर केंद्रप्रमुख त्यांनाच विचारणार, खिचडीत काही निघाले तर नोटीस त्यांनाच येणार. समितीच्या निवडीत गावातले गट-तट शिरतात, हेही खोटे नाही. जबाब ज्याच्या माथी, निर्णय त्याच्या हाती, असे त्यांनी म्हटले तर त्यांना हुकूमशहा ठरवता येणार नाही. निर्णय सर्वांनी घ्यायचा आणि शिक्षा एकट्याने भोगायची, हा कोणता न्याय?

तरीही आम्हाला वाटते, की हा वाद अधिकाराचा समजला तर सुटणार नाही. तो अमानतीचा आहे. सकाळी आई मुलाला शाळेत पाठवते तेव्हा ती आपली सर्वांत मोलाची ठेव दुसऱ्याच्या हाती देते. अमानत सांभाळणारा तिचा मालक होत नाही. ठेवणाऱ्याने विचारले तर त्याला हिशेब द्यावाच लागतो. पण आई-बाप तरी मालक आहेत का? आपल्या श्रद्धेप्रमाणे मूल ही अल्लाहने त्यांच्याकडे सोपवलेली अमानत आहे. म्हणजे शाळेत मालक कोणीच नाही, दोन्ही बाजू अमानतदारच आहेत. एकाच ठेवीचे दोन राखणदार एकमेकांना विचारल्याशिवाय कसे चालतील?

आपल्या परंपरेत याला मशवरा म्हणतात. कुरआनाच्या ४२ व्या सूरहचे नावच ‘शूरा’ आहे. इ. स. ६२५ मध्ये उहुदच्या वेळी प्रेषित मुहम्मद (स.) यांचा कल मदीनेत राहूनच सामना करण्याकडे होता. तरुण साथींनी बाहेर पडण्याचा आग्रह धरला आणि प्रेषितांनी तो मानला. पुढे तिरंदाजांनी जागा सोडली आणि मोठी हानी झाली. आता कोणाला विचारायचेच नाही, असा निष्कर्ष दुसऱ्या कोणी काढला असता. पण साथींचा सल्ला घेण्याची आज्ञा आली ती या उहुदनंतरच. चूक होण्याची शक्यता हे न विचारण्याचे कारण होऊ शकत नाही, एवढे तरी यातून आपण घ्यावे. आणि स्त्रियांना काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी इ. स. ६२८ चा हुदैबियाचा प्रसंग आठवावा. साथी खिन्न होऊन बसले होते, उठायला तयार नव्हते, तेव्हा प्रेषितांनी हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचा सल्ला घेतला आणि त्याप्रमाणे वागताच पेच सुटला.

मशवरा म्हणजे प्रत्येक गोष्टीला मतदान नव्हे. वाचन कसे शिकवावे, गणित कोणत्या पद्धतीने घ्यावे, हे शिक्षकाचे क्षेत्र आहे. तिथे पालकांनी त्याच्या इल्मवर भरवसा ठेवावा. मूल शाळेत का येत नाही, आहार कसा आहे, मुलींसाठी स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे की नाही, पैसा कुठे गेला, हे पालकांनी विचारलेच पाहिजे. आणि काही प्रश्न असे आहेत, की ते दोघांनी मिळूनच सोडवावे लागतात. गावातली उर्दू शाळा वरच्या वर्गांपर्यंत नसेल तर पुढे मुलगी कुठे जाणार? मराठीचा पाया इतका भक्कम कसा करायचा, की ती मराठी माध्यमाच्या वर्गात बिचकणार नाही? या प्रश्नांवर समिती किती वेळ बसते? मुलींची शाळा सुटते ती बहुधा इथेच, आणि त्या दिवशीच्या इतिवृत्तात तिचा उल्लेखही नसतो.

आता थोडे आपल्या घरातले. अल्पसंख्याकांनी चालवलेल्या अनुदानित शाळांत ही समिती केवळ सल्ला देईल, अशी दुरुस्ती २०१२ मध्ये झाली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांना हा कायदाच लागू नाही असा निकाल दिला. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका संस्थेच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त केली. कोर्टाचे जे व्हायचे ते होईल. पण घटनेच्या ३० व्या कलमाने दिलेला हक्क समाजाचा आहे की संस्थाचालकांच्या दिवाणखान्याचा? ज्या समाजाच्या नावाने हक्क मागायचा, त्याच समाजातल्या आई-बापांना फाटकाबाहेर उभे करायचे, हे आमच्या बुद्धीला पटत नाही. कायद्याने सूट दिली म्हणून जमिरनेही सूट दिली असे होत नाही.

फार मोठ्या सुधारणेची गरज नाही. सभा मगरिबनंतर किंवा मजुरी बुडणार नाही अशा वेळी ठेवावी. ठराव आधी दखनीत समजावून सांगावा, मग मराठीत लिहावा. खर्चाचा आकडा फलकावर लावावा आणि तोंडी वाचून दाखवावा. पालकांनीही, जो निर्णय आपण घेतला त्याचा जबाब द्यायची वेळ आली की मुख्याध्यापकांशेजारी उभे राहावे. मुख्याध्यापकांची आज ना उद्या बदली होईल, पालकांची मुलेही शाळा सोडून पुढे जातील. पण ज्या आईला एकदा ‘हे मला मान्य नाही’ असे निर्भयपणे म्हणता आले आणि तिचे म्हणणे इतिवृत्तात उतरले, तिचा अंगठा त्यानंतर केवळ शाईचा डाग राहणार नाही.