हात पुजाऱ्याचा, पाय देवाचे

मी एम. ए. करीत असतानाची गोष्ट. डिचोलीहून यात्रेच्या बसने आई एका दूरच्या क्षेत्री जाऊन आली. दक्षिणा कमी पडली म्हणून तिथल्या पुजाऱ्याने तिचे पूजेचे ताट बाजूला सारले होते, वर चार शब्द सुनावले होते. मी संतापून म्हणालो, "आई, तुझे दर्शन फुकट गेले." ती शांतपणे म्हणाली, "हात त्याचा होता रे, पाय देवाचे होते."

पुढे युरोपचा इतिहास वाचताना हाच प्रश्न बाराशे वर्षांमागे भेटला. बव्हेरियातील एक अडाणी पाद्री बाप्तिस्म्याचा लॅटिन मंत्र अशुद्ध म्हणे. धर्मोपदेशक बोनिफेस यांना वाटले, हे सारे बाप्तिस्मे पुन्हा करावेत. पोप झकारिया यांनी ७४६ मध्ये कळविले, की चूक अज्ञानाची असेल तर बाप्तिस्मा खराच. पण रखेल्या बाळगणाऱ्या धर्मसेवकांची तक्रार गेली, तेव्हा याच पोपनी बजावले होते, की अशांना धर्मकृत्य करू देऊ नये.

म्हणजे निवाडे दोन. भाविकाचे पुण्य शाबूत राहते; अपराध्याचा अधिकार राहत नाही. आपण पहिल्या निवाड्यावर थांबतो. पंढरपुरात भाविकांच्या लुबाडणुकीची चौकशी नाडकर्णी आयोगाने केली. १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क रद्द झाले. पण वादाचा शेवट सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४ मध्ये झाला. सगळेच बडवे वाईट होते असे कोण म्हणेल? पण चांगल्यांनी वाईटांना आवरले नाही, की कायद्याला यावे लागते.

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे का? माझ्या हाताखालचे एक शिक्षक गणित उत्तम शिकवीत. मात्र गुण हवे असतील तर त्यांच्या घरच्या शिकवणीला जावे लागे. पालकच म्हणत, "सर, शिकवतात मात्र छान." ते वाक्य मला सोयीचे वाटले. वर्षभर मी गप्प राहिलो. तेवढ्यात शिकवणी न परवडणाऱ्या एका मुलीने शाळा सोडली. त्यांनी शिकविलेले गणित खोटे नव्हते. माझे गप्प बसणे खोटे होते.

आईचे ते वाक्य भाविकाच्या तोंडी शोभते. देवळाची किंवा शाळेची किल्ली ज्याच्या कनवटीला आहे, त्याने ते म्हणू नये.