शेवटच्या पसंतीचें नांव

अकरावीची ऑनलाइन केंद्रीय प्रवेशपद्धति नाशकांत होतीच. २०२५ सालीं ती महाराष्ट्रभर लागू झाली. विद्यार्थ्यानें दहापर्यंत महाविद्यालयें पसंतीच्या क्रमानें लिहावयाचीं; पहिली पसंती मिळाली तर ती स्वीकारावयाची, असा नियम. हुशार मुलाच्या घरीं येथेंच घोळ होतो: दुर्लभ नांव आधीं लिहावें, कीं हमखास मिळणारें? वस्तुतः यांत कोडें नाहीं. जागा गुणानुक्रमें मिळतात. वरचें नांव हुकलें म्हणून खालच्यावरील हक्क कमी होत नाहीं. तेव्हां आवडतें तेंच आधीं लिहावें.

खरा नैतिक प्रश्न शेवटच्या नांवाचा आहे. तें केवळ यादी भरण्यासाठीं लिहिलें असेल, तर त्याला सुरक्षित म्हणणें ही आत्मवंचना होय. जेथें मान खालीं न घालतां जातां येईल, तेंच सुरक्षित. नाशिकचें हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय १९२४ सालीं स्थापन झालें, वि. वा. शिरवाडकर तेथेंच शिकले. घराजवळचें म्हणून तें शिक्षण कांहीं उणें ठरलें नाहीं. पहिल्या नांवांत मुलाची आकांक्षा दिसते. आईबापांस विद्या हवी कीं प्रतिष्ठा, हें शेवटच्या नांवाविषयीं ते घरांत काय बोलतात त्यावरून कळतें.