थांबलेल्या इंजिनाचं ऑइल

मे महिना सरत आला की कोकणातल्या बंदरांत नौका शाकारण्याची घाई सुरू होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. जाळी उतरतात, बर्फाचे कप्पे धुऊन निघतात, भरती साधून बोट वर ओढली जाते आणि तिच्यावर झापं नाहीतर ताडपत्री चढते. इंजिनाचं ऑइल मात्र पुष्कळदा आहे तसंच राहतं. ‘दोन महिने चालणारच नाही तर नवं ऑइल आता कशाला? नारळी पौर्णिमेच्या तोंडावर बदलू.’ हातात पैसा नसण्याचे ते दिवस, त्यामुळे हा हिशेब कुणालाही पटतो. पण तो उलटा आहे. का, ते कळण्याआधी बोटीत ऑइल बदलतात कसं ते पाहू.

ट्रकखाली पाठीवर झोपून ऑइलच्या चेंबरचा नट सोडता येतो. बोटीतलं इंजिन पुष्कळदा ट्रकच्याच घराण्यातलं असलं, तरी ते कण्याला इतकं लगटून बसवलेलं असतं की खाली हात शिरत नाही. शिरला तरी ऑइल झेलायला भांडं कुठे ठेवणार? म्हणून डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप आत सोडायचा आणि हातपंपाने ऑइल वर ओढून घ्यायचं. त्याआधी इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवायचं. गरम ऑइल पातळ होतं, तळाची काजळी त्यात ढवळून निघते. गार इंजिनातून ओढलं तर ऑइल बाहेर येतं आणि घाण आतच राहते.

बाहेर आलेलं ऑइल काळं असतं, त्याचं काही नाही. काजळी अंगावर धरून ठेवणं हे डिझेल इंजिनातल्या ऑइलचं कामच आहे. बराच काळ चालूनही ते सोनेरी राहिलं तर उलट शंका घ्यावी. जाणता मिस्त्री थेंबभर ऑइल अंगठा आणि तर्जनीत चोळतो, हुंगतो. डिझेलचा वास आला तर पंप किंवा इंजेक्टर गळतो आहे. रंग दुधाळ दिसला तर पाणी शिरलं आहे, कूलरमधून किंवा फाटलेल्या गॅस्केटमधून, आणि मग प्रश्न ऑइलपुरता राहत नाही. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब टाकून ठेवला तर तोही बोलतो. काजळी सगळीकडे सारखी पसरली तर ऑइलमध्ये अजून जीव आहे. मधोमध घट्ट काळा ठिपका आणि भोवती नुसतं फिकट कडं उरलं, तर त्याची काजळी पेलण्याची ताकद संपली.

ऑइल आत नेमकं काय करतं, हे माणसाला फार उशिरा उमगलं. गाडीच्या आसाला वंगण लावण्याची रीत जुनी. पण वंगणाने पृष्ठभाग बुळबुळीत होतो, यापलीकडे फारसं कुणी गेलं नव्हतं. १८८३ साली बीचम टॉवर हे इंग्रज अभियंते रेल्वेच्या आसावरच्या बेअरिंगचं घर्षण मोजत होते. ऑइल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरू लागताच ऑइल त्याच भोकातून उलटं वर येऊ लागलं. बूच ठोकलं, ते ढकललं गेलं. दर चौरस इंचाला २०० पौंडांपर्यंतचा दाबमापक लावला, काटा त्याच्याही पलीकडे गेला. तीन वर्षांनी, १८८६मध्ये, ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. फिरता दांडा निमुळत्या फटीत ऑइल ओढून नेतो आणि त्या दाबावर स्वतःच उचलला जातो. धातू धातूला टेकतच नाही. बोट पाण्यावर तरंगते आणि तिच्या पोटातल्या इंजिनाचा दांडा, क्रँक, केसाहूनही पातळ अशा ऑइलच्या थरावर तरंगत असतो.

पण हे सगळं दांडा फिरतो आहे तोवरच. इंजिन थांबलं की दाब ओसरतो, क्रँक हळूहळू खाली बसतो, आणि त्याच्या नि बेअरिंगच्या मधे ऑइलचा जेमतेम ओलावा राहतो. त्या ओलाव्यात ज्वलनातून उतरलेलं पाणी असतं, आम्लं असतात. चालत्या, तापलेल्या इंजिनात पाण्याची वाफ होऊन बरंचसं निघून जातं. गार पडलेल्या इंजिनात ते तिथेच बसून बेअरिंगच्या मऊ धातूला खात राहतं. भोवती पावसाळी खारी हवा असतेच. विश्रांतीने झीज भरून येते, हा अनुभव शरीराचा. यंत्राला तो लागू नाही. त्याला स्वतःहून बरं होता येत नाही, म्हणून त्याच्या विश्रांतीची तयारी आपण करायची असते.

कुणी म्हणेल, आता डिझेलच स्वच्छ झालं. खरं आहे, एप्रिल २०२०पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत गंधक १० भागांहून जास्त नसतं, त्यामुळे गंधकाम्लाचा जाच पुष्कळ कमी झाला. पाणी आणि काजळी मात्र तशीच आहेत. जुन्या इंजिनात तर जास्तच, कारण झिजलेल्या रिंगांच्या बाजूने सिलिंडरमधला धूर खाली चेंबरमध्ये उतरतो. त्यातून मासेमारी बोटीचं इंजिन जाळ्यापाशी किती वेळ नुसतं धुगधुगत राहतं! त्या मंद चालीत ते पुरतं तापतच नाही.

राहिलं जळकं ऑइल. ते धक्क्यावरून खाली ओतलेलं पाहिलं की जीव तुटतो. ज्या खाडीत कोळंबीची पिल्लं वाढतात तिथेच ते जातं. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं, पण किती बंदरांवर ते गोळा करायची पिंपं आहेत? मच्छीमार सोसायट्यांनी डिझेलच्या पंपाशेजारी एक झाकणबंद पिंप ठेवलं तरी पुष्कळ काम होईल.

तेव्हा नाखवा मंडळी, ताडपत्री चढवण्याआधी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, नव्या ऑइलवर इंजिन पाच मिनिटं फिरवा, आणि मगच बोट शाकारा. खर्च तेवढाच येतो, फक्त दोन महिने आधी.