कागद संपणार होता

परवा तहसील कचेरीबाहेर अर्धा तास रांगेत उभा होतो. रांग कचेरीची नव्हती, समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाची होती. माझ्या पुढचे आजोबा दुकानातल्या पोराला मोबाइल दाखवत म्हणाले, "एवढा सातबारा कागदावर काढून दे रे. दोन दे." डिजिटल सहीचा सातबारा, वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही, असं त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

मला जॉर्ज पेक आठवले. अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टोच्या संशोधन केंद्राचे ते प्रमुख. वीस वर्षांनंतरचं ऑफिस कसं असेल, हे त्यांनी १९७५ साली 'बिझनेस वीक' साप्ताहिकात सांगितलं होतं. टेबलावर टीव्हीसारखा पडदा आणि कळफलक असेल, बटण दाबलं की हवी ती फाइल समोर येईल, टपालही तिथंच वाचता येईल. छापील कागद मला कितीसा लागेल, कोण जाणे, असंही ते म्हणाले. 'कागदाविना ऑफिस' ही हाकाटी त्याच सुमारास सुरू झाली.

पडद्याचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं. अर्थात त्यात ज्योतिष फारसं नव्हतं. पडदा, कळफलक आणि माउस असलेला 'ऑल्टो' संगणक त्यांच्याच केंद्रात १९७३ पासून चालू होता; पेक यांनी जणू शेजारच्या खोलीत डोकावून भविष्य सांगितलं. गंमत म्हणजे त्याच केंद्रात गॅरी स्टार्कवेदर लेझर प्रिंटर घडवत होते. १९७७ मध्ये झेरॉक्सनं तो बाजारात आणला आणि कागदाचा पूर आला. पूर्वी टंकलेखिका कार्बन घालून तीन प्रती काढायची आणि एखादी चूक राहिली तर पांढरा रंग लावून भागवायची. आता एक वेलांटी चुकली की अख्खं पत्र नव्यानं छापायचं.

आणि आपण? त्या कंपनीचं नाव आपण थेट कागदाच्या नकलेलाच देऊन टाकलं. 'झेरॉक्स जोडली का?' असं आपल्याकडे कुठल्याही खिडकीवर विचारतात. कागद वाचायला लागतो, असं धरून पेक बोलत होते. इथं तो वाचतो कोण? तो दाखवायला लागतो.

मी आजोबांना म्हटलं, "आजोबा, साहेबांना संगणकावर दिसतोच की तुमचा सातबारा."

"दिसतो ना," ते घड्या घालत म्हणाले, "लाइट असली की दिसतो."

माझा नंबर आला. एकच प्रत हवी होती. दोन काढल्या.